आधी वॉर्ड, मग संगणक

रुग्णालयीन संगणकतज्ज्ञाने नेतृत्व कसे करावे, हे दोन उदाहरणांवरून उमजते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २००२ साली अब्जावधी पौंडांची संगणक योजना हाती घेतली. निर्णय वरून लादले गेले, डॉक्टरांचा विश्वास लाभला नाही. २०११ मध्ये योजना गुंडाळण्याची घोषणा झाली. याउलट अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉक्टर व प्रोग्रामर यांनी मिळून प्रणाली घडवली. पुढे 'व्हिस्टा' म्हणून ओळखली गेलेली ही प्रणाली अनेक दशके टिकली. म्हणून या क्षेत्रातील तरुणांनी आधी वॉर्डातील कामकाज पाहावे, मगच पडद्यावरचे रकाने आखावेत. आपणही त्यांना केवळ दुरुस्तीसाठी न बोलावता आखणीपासूनच सहकारी मानावे.