भाताच्या पानावरील तपकिरी ठिपका व त्याची बुरशी

दुष्काळ म्हटला म्हणजे आटलेल्या विहिरी व भेगाळलेलीं शेतें डोळ्यांपुढें येतात. परंतु १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळाची हकीकत सांगतांना भाताच्या पानावरील एका बुरशीचें नांव घ्यावेंच लागतें. उदार आश्रयदाते, धान्याचे व्यापारी व जमीनदार यांस तिची ओळख करून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

रोगट पानावर तिळाच्या आकाराचे तपकिरी ठिपके दिसतात. जपानांत या रोगास तिळावरूनच नांव पडलें आहे. दमट हवेंत ठिपक्यांवर काळसर लव येते. ती सूक्ष्मदर्शकाखालीं धरली असतां पानाच्या रंध्रांतून एकेकटे किंवा दोनतीन मिळून वर आलेले दांडे दिसतात. दांड्याच्या टोकास बीजुक धरलें कीं दांडा त्याच्या बगलेनें पुढें वाढतो व पुन्हा बीजुक धरतो; म्हणून तो गुडघ्यागुडघ्यांनीं वांकलेला भासतो. बीजुक होडीसारखें किंचित् वांकडें, मध्यें फुगीर, दोहों टोकांस निमुळतें. लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि आंत सहा ते चौदा आडवे पडदे.

हिचें नांव अनेकदां पालटलें. जाव्हांत ब्रेडा द हान यांनीं १९०० सालीं हिला 'हेल्मिंथोस्पोरियम ओरायझी' म्हटलें. हेल्मिंथोस्पोरियम, म्हणजे कृमीसारखें बीजुक असलेली, ही प्रजाती लिंक यांनीं १८०९ मध्यें स्थापिली. परंतु तिची मूळ जाती वाळक्या फांद्यांवर वाढते व तिचीं बीजुकें दांड्याच्या बाजूंनींही येतात. गवतांवरील बुरशा तिच्यांत भरल्या, हें सर्व डाळी एकाच पोत्यांत ओतण्यासारखेंच झालें. पुढें इतो यांनीं १९३० मध्यें ड्रेक्स्लेरा व शूमेकर यांनीं १९५९ मध्यें बायपोलॅरिस या प्रजाती वेगळ्या काढल्या. भेद रुजण्याच्या रीतींत आहे. ड्रेक्स्लेराचें सरळ बीजुक कोणत्याही कप्प्यांतून अंकुर काढतें. बायपोलॅरिसचें केवळ दोन टोकांच्या कप्प्यांतून. भातावरील बुरशी दुसऱ्या प्रकारची. तिच्या लैंगिक अवस्थेस 'कॉक्लिओबोलस' असें निराळें नांव होतें. एका बुरशीस दोन नांवें देण्याची चाल २०११ सालच्या मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्र परिषदेनें बंद केली, आणि बायपोलॅरिस हें नांव राहिलें.

१९४२ च्या अखेरीस ढगाळ व अवेळीं पावसाच्या हवेंत बंगालच्या अमन भातावर हा रोग पसरला. पद्मनाभन् यांनीं १९७३ मध्यें प्रयोगक्षेत्रांवरील आंकडे पुढें मांडले. कांहीं वाणांचें पीक नव्वद टक्क्यांपर्यंत बुडालें होतें. उलट अमर्त्य सेन यांनीं १९८१ मध्यें असें दाखविलें कीं, १९४३ चा एकंदर धान्यपुरवठा मागील पांच वर्षांच्या सरासरीहून सुमारें पांच टक्केच कमी होता. मजुराच्या आटोक्याबाहेर गेली ती किंमत. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद, मेदिनीपुराकडे ऑक्टोबरांतील तुफान, नावा सरकारजमा, आणि भाववाढीच्या आशेनें कोठारांत अडकलेला माल. सरकारी चौकशी मंडळानें मृतांची संख्या पंधरा लक्ष धरली. पुढील अभ्यासकांचे अंदाज तीस लक्षांपर्यंत जातात. एवढीं माणसें एकट्या बुरशीनें मारलीं असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तिला हिशेबांतून वगळणेंही बरोबर नव्हे.

ही बुरशी निकस जमिनीवर अधिक माजते. पालाश व सिलिका यांचा तुटवडा असलेल्या शेतांत ठिपके दाट येतात. शिवाय ती दाण्यांतून पुढील हंगामांत जाते. म्हणून दुष्काळग्रस्तांस वांटावयाचें बियाणें रोगट शिवारांतून खरेदी करूं नये. संशय असल्यास तें ५३ ते ५४ अंश सेंटिग्रेड उष्ण पाण्यांत दहा ते बारा मिनिटें बुडवून सावलींत सुकवावें व मगच पेरणीस द्यावें.