आधी गडी, मग सैन्य

टेबलावर अंगठ्याएवढे पुतळे मांडायचे, टेपने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे आणि कुणाचा नेम लागला हे फासे टाकून ठरवायचं. परग्रहांवरच्या लढायांचा हा खेळ चंद्रपूर-गडचिरोलीच्या एखाद्या तरुणाला यूट्यूबवर दिसतो आणि त्याचा नाद लागतो. लागू द्यावा. डोकं, हात आणि कल्पना एकाच वेळी कामाला लावणारे खेळ फार थोडे आहेत. पण नव्या खेळात उतरताना बहुतेक जण आधी महागडा खोका मागवतात आणि खेळायला कोण आहे, हे नंतर शोधू लागतात. माझं सांगणं याच्या नेमकं उलट आहे. आपल्या भागात पैशापेक्षाही दुर्मीळ गोष्ट म्हणजे समोर बसणारा गडी. तो मिळेपर्यंत एकही पुतळा विकत घेऊ नये.

मोठ्या शहरात क्लब असतो, दुकानात खेळायची टेबलं असतात, आज एक आला नाही तर दुसरा भेटतो. इथे चंद्रपूरहून गडचिरोली ८० किलोमीटर, आणि गडचिरोलीहून सिरोंचा आणखी २०० च्या घरात. अशा प्रदेशात तुम्ही निवडलेला खेळ दुसऱ्या कुणाकडे असेल, ही आशा फोल आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचं सैन्य तुम्हालाच उभं करावं लागणार, हे धरूनच हिशेब मांडा. त्यात परदेशी माल. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. पुतळे खेळणी म्हणून नोंदले गेले तर हा बोजा किमतीवर आणि टपालखर्चावर चढतो. हे सगळं दोनदा, आणि तेही जो खेळ आवडेल की नाही हे अजून ठाऊक नाही त्याच्यासाठी.

शिवाय नवा खेळ टिकेलच याची हमी कुणी देत नाही. रॅकहॅम या फ्रेंच कंपनीचा ‘एटी-४३’ २००६ मध्ये आला. रंगवलेले तयार पुतळे, देखणा खेळ; चारच वर्षांत कंपनी बुडाली. ‘स्टार वॉर्स’च्या नावावर चालणारा ‘एक्स-विंग’ २०१२ मध्ये सुरू झाला, जगभर खेळला गेला, आणि २०२४ मध्ये त्याचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर झालं. १९८७ पासून तग धरून असलेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’चीही २०१७, २०२० आणि २०२३ अशी दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती आली, म्हणजे पुस्तकं पुन्हा घ्या. क्लब असेल तर बंद पडलेला खेळही लोक खेळत राहतात. एकट्याच्या कपाटात मात्र तो तसाच पडून राहतो.

म्हणून सुरुवात पुठ्ठ्याने करा. पाण्याच्या बाटलीचं झाकण पुतळ्याच्या बैठकीसारखंच असतं. त्याला खाच पाडून त्यात तीन सेंटिमीटर उंचीची पुठ्ठ्याची आकृती उभी खोचा. आडवी चकती चालत नाही, कारण यातल्या बऱ्याच खेळांत पुतळ्याच्या उंचीवरून समोरचा दिसतो की नाही ते ठरतं, आणि निम्मी मजा त्या ‘दिसतो, नाही दिसत’मध्येच आहे. बांबूच्या नळ्या म्हणजे पाइपलाइन, औषधांचे खोके म्हणजे कारखाना. औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यांच्या गावात परग्रहावरच्या वसाहतीची कल्पना उसनी आणावी लागत नाही. नियमही असेच निवडा. ‘स्टारग्रेव्ह’मध्ये एका बाजूला जास्तीत जास्त दहा जणांची टोळी लागते आणि पुतळे कुठल्याही कंपनीचे चालतात. ‘गॅसलँड्स’ तर खेळण्यातल्या छोट्या मोटारींवर चालतो, आणि त्या घरात पडलेल्याच असतात. इंग्रजी नियमांचा मराठीत एका पानाचा सारांश करून समोरच्याच्या हाती द्या. पहिल्या डावाला गडी टिकतो तो या पानामुळे.

पुतळ्यांशिवाय या खेळात उरलं काय, असं कुणी म्हणेल. रंगवलेल्या सैन्याचं आकर्षण खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण रंगवणं हा स्वतंत्र छंद आहे. तोच हवा असेल तर एक पुतळा पुरे, त्यासाठी सैन्य नको. एकट्याने खेळायचे नियमही असतात, जसे ‘फाइव्ह पार्सेक्स फ्रॉम होम’चे. ज्याला एकांत मनापासून आवडतो त्याने ते जरूर घ्यावेत. गडी मिळाला नाही म्हणून नाइलाजाने घेतले तर मात्र उत्साह लवकर ओसरतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ज्या गडचिरोली जिल्ह्याने गेली चार दशकं नक्षल संघर्षातल्या खऱ्या गोळीबारात माणसं गमावली, तिथे युद्धाचा खेळ कशाला? इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून असल्या खेळांना घडीव रूप दिलं, तेव्हा खरं युद्ध किती मूर्खपणाचं असतं, हेच त्याने शेवटी मांडलं होतं. मला त्याचं म्हणणं पटतं. तरी गडचिरोलीत तेवढ्याने भागत नाही. समोर बसलेल्याच्या घरात कुणी गेलेलं असू शकतं. म्हणून इथे जंगल, गणवेश, घात लावून हल्ला असे प्रसंग मांडूच नयेत. बंद पडलेल्या यानातून सामान सोडवून आणणं, वसाहतीतल्या लोकांना सुखरूप बाहेर काढणं, असे डाव मांडावेत. विज्ञानकथेत ही मोकळीक आहे.

गड्याने स्वतःहून पुढच्या डावाची तारीख विचारली, की मग दहा पुतळ्यांचा एकच खोका मागवा आणि तो दोघांत वाटून घ्या. रंगाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. पावसाळी दमट हवेत स्प्रेचा अस्तर-रंग पुतळ्यावर खरखरीत, पांढुरका बसतो. मे महिन्यात रंग कुंचल्यावरच सुकतो. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचे पुतळे काढले असतील, तर ते उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडून वाकतात, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीतला डॅशबोर्ड सहज तेवढा तापतो.