रुग्णवाहिका येईपर्यंत

प्रश्न : पेठ तालुक्यातील आमच्या पाड्यावर सर्पदंश झाल्यास आम्हा स्वयंसेवकांनी काय करावे?

उत्तर : २०१४ पासून महाराष्ट्रात ‘१०८’ची रुग्णवाहिका धावत असली, तरी घाटवाटांनी विलग झालेल्या पाड्यापर्यंत ती पोहोचण्यापूर्वीचा जो अवधी, तोच आपल्या कार्याचा खरा प्रांत होय, म्हणून दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने निश्चल ठेवून, अंगठ्या-कडी उतरवून, रुग्णास एक पाऊलही चालू न देता डोलीने सडकेपर्यंत आणावे, आणि प्रतिविष शिल्लक असल्याची खातरजमा ग्रामीण रुग्णालयाकडे आधीच करून घ्यावी. करकचून दोरी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे सर्वथा वर्ज्य. भगताशी मात्र हुज्जत घालू नये. त्याचे मंत्र डोलीबरोबर चालता चालता खुशाल होऊ द्यावेत.