‘बरं आहे’ म्हणजे खरंच बरं आहे का?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करणं चालू होतं. तेवढ्यात एका ताईंचा फोन वाजला. लेक जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहून पहिल्या वर्षाला शिकते. ताईंनी विचारलं, “जेवलीस का? अभ्यास चाललाय ना? पैसे आहेत का?” तिकडून तीनदा “हो” आलं. “बरी आहेस ना?” “बरं आहे.” फोन ठेवला. एक मिनिटही झालं नसेल. ताई म्हणाल्या, “आधी लई बोलायची. आता फोनच नको म्हणते.”

पहिल्या वर्षाला असताना मीही आईला रोज “बरं आहे” असंच सांगायचे. दर वेळी ते खरं नसायचं. म्हणून या महिन्याचा अभ्यास याच दोन शब्दांवर.

पहिल्या वर्षी काय होतं?

बारावीपर्यंत मराठीतून शिकलेलं लेकरू एकदम इंग्रजीच्या तासाला बसतं. कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. गावात पहिली येणारी मुलगी तिथं मागच्या बाकावर जाते. खोलीत अनोळखी मुली, मेसचं जेवण, मोजून खर्च. त्यात पहिल्याच परीक्षेत एखादा विषय राहिला, की “आपल्याला जमणार नाही” असं वाटायला लागतं.

हे सगळं ती घरी का सांगत नाही? कारण तिला आपलं कर्ज माहीत असतं. फीसाठी आपण गटातून अंतर्गत कर्ज उचललं, दर महिन्याला हप्ता जातो. “तुझ्यासाठी कर्ज काढलंय, नीट शिक” असं आपण हुरूप यावा म्हणून म्हणतो. तिला मात्र ऐकू येतं, “आता तक्रार करायची नाही.”

साधा ताण की जास्त काही?

सुरुवातीला घरची आठवण येणं, रडू येणं स्वाभाविक आहे. मैत्रिणी झाल्या की ते हळूहळू कमी होतं. पण पुढच्या गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त दिसल्या, तर लक्ष द्या:

• झोप लागत नाही किंवा दिवसभर झोपून राहते
• जेवण तुटलंय, सारखं डोकं किंवा पोट दुखतं
• कॉलेजला जात नाही, फोन उचलत नाही
• सारखी चिडचिड (मुलगे रडत नाहीत, पण चिडतात किंवा गप्प होतात)

“मी नसले तर बरं होईल” असं एकदा जरी बोलली, तरी दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी हालचाल करायची.

फोनवर काय बोलायचं?

“अभ्यास झाला का?” याचं उत्तर “हो” एवढंच येतं. त्याऐवजी विचारा, “आज कुणासोबत जेवलीस? कोणता तास अवघड गेला?” आधी घरचं सांगा, शेळी व्याली, शेजारी काय झालं. मग ती आपोआप बोलते. रडली तर लगेच “रडू नको” म्हणू नका, ऐकून घ्या. शेजारच्या मुलीशी तुलना नको. आणि एकदा स्पष्ट सांगा, “विषय राहिला तर परत देता येईल. हप्त्याचं आम्ही बघू. तू सांगत जा.”

मदत कुठे मिळेल?

वसतिगृहाच्या रेक्टर मॅडम आणि वर्गाचे सर यांचे नंबर आजच लिहून ठेवा. जमेल तेव्हा स्वतः भेटून या. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मुलीनं करावा किंवा तुम्हीही करू शकता. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचे उपचार मिळतात. तिथं गेलं म्हणजे ‘वेडी’ झाली, असं नाही. ताप आल्यावर जातो तसंच हे.

मरणाचं बोलली, तर “जिवाचं काही करायचं मनात येतं का?” असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळं होतं. तिला एकटी सोडू नका. लांब असेल तर रेक्टरला लगेच कळवा आणि तुम्ही निघा.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गटातल्या कोणाकोणाची मुलं यंदा पहिल्या वर्षाला आहेत?
२. शिक्षणाचं कर्ज देताना आपण परतफेडीचं विचारतो. लेकरू कसं आहे, हे कधी विचारलं?
३. एखादी मुलगी शिक्षण सोडून परत आली, तर गावात तिला आपण काय बोलतो?

त्या ताईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला. या वेळी पैशाचं विचारलं नाही, मेसच्या भाजीचं विचारलं. लेक अर्धा तास बोलली, मधे रडलीही. रविवारी ताई डबा घेऊन भेटायला गेल्या. तुम्हीही आज संध्याकाळी एक फोन करून बघा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक