एका पणतीचा फरक

बँकेला पाठविलेल्या संदेशात ‘१००’ ऐवजी ‘९००’ असा एकच आकडा बदलला, तर त्याच्या गुप्त रूपात किती फरक पडावा? थोडासाच पडला, तर चोरून वाचणारा दोन्ही संदेश शेजारी ठेवून बदल कोठे झाला हे ताडील. म्हणून मूळ मजकुरातील एक बिट, म्हणजे एक शून्य वा एक, पालटताच गुप्त मजकुरातील सुमारे निम्मी बिटे पालटावीत, असा दंडक आहे. हॉर्स्ट फाइस्टेल यांनी १९७३ साली या गुणाला हिमप्रपाताची उपमा दिली.

समजा, १२८ माणसे वर्तुळाकार पंगतीत बसली आहेत आणि प्रत्येकापुढे एक पणती आहे. पेटलेली म्हणजे एक, विझलेली म्हणजे शून्य. टाळी वाजताच प्रत्येकाने आपली व दोन्ही शेजाऱ्यांची पणती पाहून, ठरलेल्या नियमाने आपली पेटवावी वा विझवावी. यालाच सेल्युलर ऑटोमॅटन म्हणतात. मजकुराचे ठराविक लांबीचे तुकडे पाडून ते असे फिरवावयाचे व त्यांत गुप्त किल्ली मिसळावयाची, ही त्यावर आधारलेली ब्लॉक सायफरची रीत. मात्र नियम उलट फिरवून मूळ मजकूर परत मिळेल, अशी योजना हवीच.

एक पणती बदलली, तर पहिल्या टाळीला फार तर तीन जागी फरक पडेल, दुसरीला पाच, तिसरीला सात. समोरच्या माणसापर्यंत तो पोचण्यास निदान ६४ टाळ्या हव्यात. दहा टाळ्यांतच थांबलो, तर निदान १०७ जागा अस्पर्श राहतील.

पण नुसता पसारा पुरेसा नाही. ‘तिघांत पेटलेल्या पणत्या विषम असतील तर आपली पेटवा’ हा नियम घ्या. फरक दूर जातो, परंतु मजकूर कोणताही असला तरी त्या फरकाची नक्षी तीच राहते. जाणकार ती आधीच मांडून ठेवील.

आता स्टीफन वुल्फ्रम यांनी अभ्यासलेला ३० क्रमांकाचा नियम पाहा. आपली वा उजवीकडची पणती पेटलेली असेल, तर डावीकडच्या पणतीच्या उलट करावे. दोन्ही विझलेल्या असतील, तर डावीकडच्याप्रमाणे करावे. येथे फरक उजवीकडे दर टाळीस एक घर जातोच. पण डावीकडच्या शेजाऱ्याची पणती पेटलेली असेल, तर तो तेथे अडतो. म्हणजे फरकाची वाट मजकुरावर अवलंबून राहते.

मुलांनी चौकटीच्या कागदावर पहिल्या ओळीत एकच ‘१’ मांडून, बाकी शून्ये ठेवून, हे करून पाहावे. चौथ्या ओळीत पहिल्या नियमाने पाच, दुसऱ्याने सहा ‘१’ येतील. फरक दूरवर पोचावा आणि त्याची वाट आधी सांगता येऊ नये, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच कुलूप पक्के होण्याची आशा.