जुनी मालमोटार घेताना

वर्षअखेरीस खतावणी मांडताना भाड्याच्या खात्यावरील आकडा पाहिला की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक विचार हटकून येतो. हा पैसा दरसाल परक्याच्या घरी जाण्यापेक्षा आपल्याच दारी एक मालमोटार का असू नये? कमरीपेठेत, दाजीबानपेठेत अथवा दुर्गदबैलच्या बाजारात हा विचार ज्यास कधी शिवला नाही असा व्यापारी विरळाच. अलीकडे तर घरातील एखादा होतकरू मुलगा गल्ल्यावर बसण्याऐवजी स्वतः परवाना काढून स्वतःच गाडी हाकण्याची इच्छा दर्शवितो. त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. १९७६ साली गदग येथे एका मालमोटारीनिशी श्री. विजय संकेश्वर यांनी आरंभिलेला धंदा आज व्ही. आर. एल. या नावाने हुबळीनजीक वरूर येथून देशभर माल वाहतो, हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. तथापि एक गाडी घेणारा प्रत्येक जण त्या वाटेने गेला नाही, हेही आपण पाहिलेले आहे. नव्या गाडीइतके भांडवल नसते म्हणून जुनी घ्यावयाची. आणि जुनी घेताना जी चूक होते ती किमतीत क्वचित होते, निवडीत बहुधा होते.

अशा चुकीचे एक उदाहरण आमच्याच आप्तांतील आहे. २०१० पूर्वीची काही वर्षे सर्वांच्या स्मरणात असतील. संडूर-होस्पेटचे लोहखनिज गदग, हुबळी, यल्लापूर या मार्गाने बेलेकेरी व कारवार बंदरांकडे रात्रंदिवस जात होते आणि अरबैल घाटात गाड्यांच्या रांगा तुटत नव्हत्या. त्या तेजीच्या अखेरीस या तरुणाने कर्ज काढून एक जुनी टिपर गाडी घेतली. गाडी वाईट नव्हती, किंमतही वाजवी होती. परंतु जुलै २०१० मध्ये कर्नाटक सरकारने खनिजाच्या निर्यातीस बंदी केली, २९ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारी जिल्ह्यातील खाणकाम थांबविले आणि पुढच्याच महिन्यात तुमकूर व चित्रदुर्ग या जिल्ह्यांवरही तीच पाळी आली. २०१२ मध्ये गोव्यातील खाणीही थांबल्या. एकाच वेळी हजारो टिपर विक्रीस निघाले, तेव्हा घेणार कोण? टिपरमध्ये मिरचीची पोती भरता येत नाहीत की कापडाच्या गाठी लादता येत नाहीत. हौदा बदलावयाचा तर खर्च, आणि नोंदणीपुस्तकात तो फेरफार मंजूर करून घेण्याची यातायात निराळी. गाडी बाह्यवळण रस्त्याच्या कडेला उभी राहिली, हप्ते मात्र चालू राहिले, आणि अखेर घरातील स्त्रियांच्या अंगावरील सोने त्यांत गेले. त्या मुलाने कष्टांत कसूर केली नव्हती. आधी गाडी ठरविली आणि माल मागाहून पाहिला, एवढेच त्याचे चुकले.

म्हणून आमचे म्हणणे असे, की गाड्यांच्या बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी आपली गेल्या दोन वर्षांची जावक-आवक वही काढून बसावे. कोणता माल, किती वजनाचा, कोठे जातो आणि परतताना काय मिळते? आपला माल बहुतांशी धान्य, कापड, भांडी, लोखंडी सामान आणि मिरचीचा. यांतील मिरची वजनाला हलकी, पण जागा खाणारी. ब्याडगीची पोती भरताना भार पुरा होण्याच्या कितीतरी आधी हौदा भरतो. अशा मालासाठी अधिक टनांची गाडी घेणे म्हणजे रिकाम्या ताकदीचे डिझेल जाळणे होय. तेथे लांब हौद्याची गाडी हवी. उलट लोखंडी सामानास लांबी नको, मजबूत पाटे हवेत.

मागे स्वतंत्र ट्रेलर जोडलेली मोठी गाडी, जिला पाश्चात्त्य देशांत एकटा मालक-चालकही सर्रास चालवितो, तिचा मोह आपल्याकडील तरुणांस पडू लागला आहे. सिमेंट, पोलादाच्या गुंडाळ्या, बंदरातील कंटेनर असा एकजात आणि बारमाही माल ज्याच्या हाती आहे त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु पेठेतील व्यापाऱ्याने पहिलीच गाडी म्हणून ती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिला पुरेसे परतीचे भाडे शोधताना दोन-दोन दिवस वखारीपाशी थांबावे लागते. टायरांची संख्या दुपटी-तिपटीने वाढते, टोलचा दर चढतो, आणि आपल्या गल्ल्यांत तर ती वळतही नाही. दोन आसांची, सहा चाकांची, सोळा टनी मालमोटार हीच आरंभाची गाडी. अमरगोळच्या बाजार समितीत ती सहज शिरते, आणि भाडे पडले तर पुणे, बंगळूर किंवा गोवा कोठेही धाडता येते.

टाटांच्या गाड्यांवरील आकडे वाचावयास शिकणे अवघड नाही, आणि दलालापुढे ते फार उपयोगी पडते. १६१३ यातील पहिले दोन अंक मालासह एकूण भार टनांत सांगतात, पुढील दोन दहाने गुणले की अदमासे अश्वशक्ती निघते. म्हणजे सोळा टन आणि सुमारे १३० अश्वशक्ती. आधीच्या अक्षरांत एल. पी. टी. असेल तर साधी मालमोटार, एल. पी. के. असेल तर टिपर, एल. पी. एस. असेल तर ट्रेलर ओढणारी. १९५४ ते १९६९ पर्यंतच्या जर्मन सहकार्याची ही खूण अद्याप टिकून आहे. साध्या हौद्याची म्हणून दाखविलेल्या गाडीच्या कागदावर ‘के’ दिसला, तर ती पूर्वी खाणीत राबलेली असण्याचा संभव मोठा, आणि मग चासीकडे दुप्पट बारकाईने पाहिले पाहिजे. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारने दोन आसांच्या गाडीची भारमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. परंतु आपण घेत असलेल्या गाडीच्या नोंदणीपुस्तकात जो आकडा असेल तोच आपला, दलालाच्या तोंडचा नव्हे.

काटकसर म्हणजे कमी किंमत, ही समजूत सर्वांत महाग पडते. वर्षाला ६०,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला ४.५ किलोमीटर देत असेल तर १३,३३३ लिटर डिझेल लागते. ४ देत असेल तर १५,०००. फरक १,६६७ लिटरचा. लिटरला ९० रुपये धरले तरी वर्षाकाठी दीड लाख रुपये झाले. दोन वर्षांत तीन लाख! गाडी घेताना दहा हजारांसाठी घासाघीस करणारा गृहस्थ हा हिशेब मात्र करीत नाही. म्हणून विकणाऱ्याच्या शब्दावर न राहता टाकी काठोकाठ भरून, गाडी लादलेली असताना, धारवाडपर्यंत जाऊन यावे आणि पुन्हा काठोकाठ भरून मोजावे. जो मालक यास राजी नसेल त्याची गाडी पाहण्यात वेळ घालवू नये.

आता दुरुस्तीची सुलभता. आपली गाडी रात्री दोन वाजता यल्लापूरच्या रानात बंद पडली, तर जवळच्या गॅरेजातील मिस्त्रीच्या हाताने ती सुरू होईल काय? ही खरी कसोटी. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक डिझेल पंपाची गाडी कोणताही जाणता मिस्त्री पान्यांच्या बळावर उघडतो. संगणकाच्या आज्ञेने इंधन सोडणाऱ्या इंजिनास तपासणीचे यंत्र व ते वाचणारा माणूस लागतो. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बी.एस.-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ हे धूरनियम लागू झाले. बी.एस.-६ ची अवजड गाडी डिझेलखेरीज युरियाचे द्रावणही मागते आणि तिच्या धुराड्यातील गाळणी तुंबली तर गाडीची ताकदच उतरते. या गाड्या वाईट नव्हेत. हवा स्वच्छ राहावी हे आपल्याही लेकराबाळांच्या हिताचे आहे. पण एकट्या मालक-चालकाने अशी गाडी घेताना कंपनीचे अधिकृत दुरुस्तीगृह आपल्या मार्गावर कोठे कोठे आहे ते आधी पाहावे, आणि ही यंत्रणा कोणी मधूनच तोडून, फसवून ठेवली नाही ना, याची खात्री करून घ्यावी. बी.एस.-४ मध्ये अशोक लेलँडने युरियाविना चालणारी पद्धत पुढे आणली होती. मधला मार्ग म्हणून त्या काळातील गाड्यांकडे लक्ष द्यावयास हरकत नाही.

मग जितकी जुनी व साधी तितकी बरी, असे कोणी म्हणेल. तेथे कायदा आडवा येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ८८ व्या नियमाप्रमाणे दोन आसांच्या मालमोटारीस बारा वर्षांपुढे राष्ट्रीय परवाना मिळत नाही. बहुआसी गाडीस ती मर्यादा पंधरा वर्षांची आहे. अर्थात २०१६ सालची सहा चाकी गाडी २०२८ नंतर राष्ट्रीय परवान्यावर कोल्हापूर-पुण्याकडे धावू शकणार नाही. कर्ज पाच वर्षांचे आणि परवान्याचे आयुष्य दोन वर्षांचे, असा सौदा करणारे आम्ही पाहिले आहेत! आठ वर्षांपुढील गाडीस योग्यता-प्रमाणपत्र दरसाल घ्यावे लागते आणि पंधरा वर्षे ओलांडलेल्या गाडीचे ते शुल्क १ एप्रिल २०२२ पासून कित्येक पटींनी वाढले. तृतीय पक्षाच्या विम्याचा हप्ता तर गाडीच्या भारावर ठरतो. गाडी म्हातारी झाली म्हणून तो घटत नाही.

प्रत्यक्ष पाहणीस सकाळी लवकर आणि न कळविता जावे. इंजिनास हात लावून पाहावा. ते आधीच गरम असेल तर थंडीत सुरू होण्याचा त्रास लपविला जात आहे असे समजावे. सुरू झाल्यावर तेल भरावयाचे झाकण काढावे. तेथून धुराचे लोट उसळत असतील तर लायनर-रिंगा झिजल्या. धुराड्यातून सतत निळा धूर म्हणजे तेल जळते. काळा म्हणजे पंप, नोझल अथवा हवेची गाळणी. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना तर पाणी आत उतरत असावे. मग गाडीखाली आडवे व्हावे, कपड्यांची पर्वा करू नये. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर, विशेषतः पाट्यांच्या कड्यांपाशी, जोडकाम केलेले अथवा नुकताच रंग फासलेला दिसला तर कारण विचारावे. चासीचा क्रमांक पेन्सिलीने कागदावर उतरवून पुस्तकाशी ताडून पाहावा. पुढील टायर एकाच कडेने झिजले असतील तर किंगपिन, आस किंवा पट्टीत दोष आहे. हवेचा दाब भरून इंजिन बंद करावे आणि चहा पिऊन यावे. तेवढ्यात काटा खाली आला असेल तर ब्रेकच्या नळ्या गळत आहेत. ज्यास अरबैल घाट उतरावयाचा आहे त्याने या एका गोष्टीत उदार होऊ नये. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ब्रेक-क्लचच्या पायट्यांचे रबर अधिक खरे बोलते. सोबत आपला मिस्त्री न्यावा, विकणाऱ्याने सुचविलेला नव्हे, आणि त्यास त्याचा मेहनताना आधीच द्यावा, म्हणजे सौदा होवो न होवो, त्याची जीभ मोकळी राहील.

कागदांविषयी थोडेच सांगतो, पण ते फार जपण्यासारखे आहे. करपावती, योग्यता, परवाना, विमा, थकलेले दंड आणि कर्जाचा बोजा, हे सर्व वाहन नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर आता घरबसल्या पाहता येते. नमुना २९ व ३० हस्तांतराचे, ३५ कर्जफेडीचे, आणि गाडी परराज्यातील असेल तर २८ हे ना-हरकतीचे. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन ते तिजोरीत ठेवण्याची जुनी चाल आपल्या बाजारात अजून आहे, ती सोडावी. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की गाडी विकली तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईस तोच मालक म्हणून जबाबदार. आपली जुनी गाडी विकणाऱ्या सभासदांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे.

आणि नाव कोणाचे लावावयाचे, हा घरातील मानाचा प्रश्न नव्हे. आपल्याकडे रीत अशी, की गाडी थोरल्यांच्या नावे आणि चालविणार धाकटा. परंतु मालक-चालकासाठी जो १५ लाख रुपयांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा आहे तो नोंदणीकृत मालकास, आणि तोही त्याच्यापाशी योग्य परवाना असेल तरच, लागू होतो. वडिलांच्या नावची गाडी मुलगा चालवीत असता काही अशुभ घडले तर त्या विम्यातून सुनेच्या हाती काही येत नाही. जो चालविणार त्याच्याच नावे गाडी घ्यावी. वडिलांनी पैसा दिला असेल तर तो वहीत कर्जाऊ म्हणून लिहावा. काही कारणाने नाव वडिलांचेच ठेवावयाचे झाले, तर मुलाचा स्वतंत्र अपघात विमा उतरून त्याची पावती गाडीत नव्हे, घरी ठेवावी, आणि ती कोठे आहे हे सुनेस दाखवून द्यावे.