परितेवाडीचा धडा

सर्वांच्या हाती एकच पुस्तक दिले म्हणजे शिक्षणात समता आली असे होत नाही. त्या पुस्तकातील पाठ प्रत्येकापर्यंत पोहोचला पाहिजे. सोलापूर जिल्ह्यात या विचाराची मुळे जुनी आहेत. खेड्यातील होतकरू मुलाला शहरातील हायस्कूल दूर पडते, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. राहण्याजेवण्याची सोय झाली, तेव्हाच त्या मुलांसाठी शाळेचे दार खऱ्या अर्थाने उघडले.

याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडी या लहानशा गावी, २००९ साली रणजितसिंह डिसले हे जिल्हा परिषद शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. या चौकोनी आकृतीत पाठ नसतो, पाठ जेथे ठेवला आहे तेथील पत्ता असतो. मोबाइलचा कॅमेरा धरताच कवितेचे ध्वनिमुद्रण, पाठाचा व्हिडिओ किंवा स्वाध्याय उघडतो. ज्याची शाळा बुडाली त्याला पाठ पुन्हा ऐकता येतो. ज्याला एकदा समजले नाही त्याला दहादा विचारण्याचा संकोच उरत नाही. २०१७ मध्ये राज्याने ही कल्पना आपल्या पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली.

३ डिसेंबर २०२० रोजी वार्की फाउंडेशनचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ डिसले यांना जाहीर झाले. रक्कम होती १० लाख डॉलर. त्यातील अर्धी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांत नायजेरिया, ब्राझील, व्हिएतनाम, दक्षिण आफ्रिका अशा देशांतील शिक्षक होते. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाईन येथील मुलांना परस्परांशी बोलते करणारा उपक्रमही त्यांनी चालविला. ज्ञान वाटल्याने वाढते, हे येथे कृतीतून दिसले.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. कोड वाचायला मोबाइल लागतो, पाठ उघडायला इंटरनेट लागते. कोरोनाकाळात शाळा बंद झाल्या आणि घरात मोबाइल नसलेले मूल वर्गाबाहेर राहिले. साधन नवे असले तरी प्रश्न १९२५ चाच आहे: दारापर्यंत येण्याची सोय कोण करणार? पाठ आधी उतरवून ठेवणे, एका मोबाइलवर चार-पाच मुलांनी मिळून अभ्यास करणे, समाजमंदिरात सायंकाळची अभ्यासिका चालविणे, ही त्याची साधी उत्तरे आहेत.

माजी विद्यार्थ्यांनो, शिक्षक, पाठलेखक, अनुवादक, संगणक-अभियंता यांपैकी कोणताही मार्ग निवडा. या क्षेत्रात तुमची गरज आहे. आपल्या कामाची कसोटी मात्र एकच ठेवा: शेवटच्या बाकावरील मुलापर्यंत ते पोहोचले का?

विचार करा

१. आपल्या वस्तीत अभ्यासासाठी मोबाइल न मिळणारी मुले किती आहेत?
२. त्यांच्यापैकी एकासाठी या आठवड्यात मी काय करू शकतो?